तारेतून आलेला कोंबडा

मागच्या जत्रेच्या आदल्या दिवशी काकांनी आमच्या वेल्ह्याच्या घरी, अंगणात बसून भजन म्हटलं होतं. त्याचं तेव्हाच केलेलं रेकॉर्डिंग जुन्या कॉम्प्युटरवर वाजायचं, पण त्याची फाईल काही केल्या बाहेर निघेना. म्हणून मी यंदा पुण्याहून ऑडिओ इंटरफेस आणला. दिसायला नुसता डबा. जुन्या कॉम्प्युटरवर भजन वाजणार, तारेनं डब्यात येणार आणि माझ्या लॅपटॉपवर रेकॉर्ड होणार. माईकचा संबंधच नाही.

हे मी काकांना ओरडून ओरडून सांगितलं. तरी त्यांनी शेळ्यांपुढे पाला टाकला, काकूंचा मिक्सर बंद करवला, कोंबडा डालग्याखाली झाकला आणि मी शिंकलो तेव्हा माझ्यावरच डोळे वटारले. भजन फक्त माझ्या हेडफोनमध्ये वाजत होतं आणि अख्खं घर श्वास रोखून बसलं होतं.

रेकॉर्डिंग झाल्यावर मी स्पीकर लावला. ऐन रंगात आलेल्या अभंगात कोंबडा खणखणीत आरवला.

"बघ! म्या काय म्हनत हुतो?" काका तडक डालग्याकडे धावले.

"त्याच्यावर कशाला डाफरताय?" काकू आतून म्हणाल्या. "ह्यो गपच हाय. आरवला त्यो मागल्या जत्रंला कापला त्यो. तुमीच लई रस्सा ओरपलाय त्याचा."

काकांनी डालगं जरा उचलून आत बघितलं. मग माझ्याकडे वळले.

"येवढ्या तारा जोडल्यास, आन् येक मेल्याला कोंबडा गप करता येत न्हाई व्हय रं तुला?"