वेल्ह्याचा दवाखाना आणि कात्रीसाहेब

'नाही' म्हणताना कात्रीसाहेब कधी नजर चुकवत नसत. समोरच्याच्या डोळ्यांत बघून शांतपणे 'मिळणार नाही' म्हणत आणि लगेच विचारत, "जेवून निघालात का?" भोर संस्थानाचं अंदाजपत्रक त्यांच्या हाताखालून जाई. त्यात ते आधी काटछाट करतात आणि मग वाचतात, असं भोरात म्हणत. त्यावरूनच हे नाव पडलेलं. त्यांना ते ठाऊक होतं. आवडतही असावं.

मी वेल्ह्याजवळच्या विंझरच्या शाळेत मास्तर. दर माघात गावकऱ्यांना घेऊन मी त्यांच्यापुढे उभा राहायचो. मागणी एकच, वेल्ह्यात एक डॉक्टर आणि औषधांचं कपाट. पावसाळ्यात अडलेल्या बाईला डोलीत घालून भोरची वाट धरायची, दुसरा इलाज नव्हता. साहेब सगळं ऐकून घेत आणि दवाखान्यावर रेघ मारत. "मास्तर, मागल्या पिढ्यांचं कर्ज आहे. वसूल येतो तो व्याजच खाऊन टाकतं. 'हो' म्हणायला जीभ पुरते, फेडायला नातवंडं लागतात."

एकदा मी चिडून म्हणालो, "ती जन्माला तर येऊ द्या!" ते हसले नाहीत. घरी नेऊन जेवायला मात्र वाढलं. आमटी म्हणजे नुसतं पाणी! त्यांनी पहिली कात्री स्वतःच्या पगारालाच लावली होती, दुसरी कचेरीच्या टांग्याला. भर उन्हात चालत येणाऱ्या त्या माणसाला मनसोक्त शिव्याही देता येत नसत.

त्यांची एकुलती एक लेक कुसुम आमच्या विंझरलाच दिली होती. बाळंतपणाला माहेरी न्यायच्या आतच, आषाढात, तिचं पोट दुखू लागलं. डोली निघाली, पण नदीला उतार मिळेना. काठावरच ती गेली. पोटातलं मूलही गेलं. डोलीच्या एका टोकाला माझा खांदा होता. त्या दिवशी मला साहेबांचा जितका राग आला, तितका आयुष्यात कुणाचा आला नाही.

पुढच्या माघात पुन्हा गेलो. यंदा ते नाही म्हणणार नाहीत, असं सगळ्यांनाच वाटत होतं. त्यांनी रेघ मारली.

आमच्यातला पालीचा धोंडिबा उठून उभा राहिला. त्याची सून अशीच गेलेली. "रावसाहेब, तुमची ल्येक गेली, तरी बी न्हाईच?"

"धोंडिबा, तुमची सून गेली तेव्हा दिला नाही. आता माझी गेली म्हणून कुठल्या तोंडानं देऊ?"

"मंग आमच्या तोंडानं द्या की."

साहेबांनी अंदाजपत्रक मिटलं. त्या दिवशी जेवणाचंही विचारलं नाही.

पुढं कर्ज फिटत आलं, आणि संस्थानच मुंबई प्रांतात विलीन झालं. नवे अधिकारी आले. साहेबांनी अभिमानानं उरलेल्या कर्जाचा आकडा सांगितला, तर ते सहज म्हणाले, "थोडं असो की फार, आता सगळं मुंबईच्या खात्यात."

मी भेटलो तेव्हा ते कचेरीच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "मास्तर, दवाखाना देता आला असता हो."

मला त्यांची दया आली. म्हणालो, "असं होईल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं, साहेब?"

"कर्जाचं असं होईल, ते ठाऊक नव्हतं. बायका मरतात, ते ठाऊक होतं. तुम्ही दरवर्षी येऊन सांगत होतात."