धाकटीची पहिली फरशी

घरात तीन जावा वरच्या, म्हणून ती धाकटी. गावात तिच्या वाट्याला येत ते फक्त हुकूम. नवऱ्याला शहरात एका बांधकामावर रखवालदाराची नोकरी लागली, पाठोपाठ तीही आली आणि तिथेच घमेली वाहू लागली. पण सारं लक्ष फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीच्या हातांवर. दोन वर्षांनी धीर करून तिने ठेकेदाराला विचारलंच, मी फरशी बसवू का?

तो म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली एकटीने कर. जमली तर मिस्त्री, नाही तर घमेलं आहेच."

धाकटीने पदर खोचला. दारात अख्खी फरशी दिसावी, कापलेले तुकडे मागे जावेत, हा मिस्त्रीचा धडा तिला तोंडपाठ. म्हणून तिने दारापासूनच सुरुवात केली. बाईसाहेब अशा रंगात आल्या की मान वर केली तेव्हा पाठ मागच्या भिंतीला टेकलेली, आणि समोर दारापर्यंत सगळी ओली फरशी. गावी जमीन सारवताना आतून दाराकडे सरकायचं हे पोरीबाळींनाही कळतं. आज नेमकं तेच ती विसरली होती.

मिस्त्री दारात पोट धरधरून हसला. "ये चालत. दोनचार खचतील, मी नीट करून देतो."

"नको दादा. मग ती खोली तुमची होईल."

तिने पाय काही फरशीवर टाकला नाही. शेवटची ओळ उद्यावर ठेवून तिने मागच्या खिडकीतून बाहेरच्या परांचीवर पाय टाकला. लुगडं सावरत, बांबूला घट्ट धरत तीन मजले उतरली. खाली सगळं काम थांबलेलं. नवरा डोळे मिटून उभा.

दुसऱ्या दिवशी तिने शेवटची ओळ पुरी केली, आणि ती सुकल्यावर ठेकेदाराने एकेक फरशी ठोकून पाहिली. कुठेच पोकळ आवाज आला नाही.

"उद्यापासून स्वयंपाकघर तुझं, मिस्त्री," तो म्हणाला. "आणि सुरुवात कुठून करायची, ते तूच ठरव."

असं तिला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. डोळ्यांत टचकन पाणी आलं, त्यामागोमाग हसू. मग ती जुन्या मिस्त्रीकडे वळली. "दादा, सिमेंट जरा घट्ट कालवा हं."

मिस्त्रीने बाह्या वर केल्या आणि घमेलं पुढे ओढलं.