परबबाईंचा नंबर सात फाइलींत

"मॅडम, माझा एक तरी हप्ता चुकलाय काय? ते आधी सांगा."

सुलभा परब माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या आणि माझ्या स्क्रीनवर लाल अक्षरांत ‘रिजेक्ट’ आलं होतं. लालबागला त्यांचा मसाल्याचा डंक आहे. डंक म्हणजे मिरची, धणे कुटायचं यंत्र. ते दर दोन दिवसांनी बंद पडत होतं आणि महिन्याभरात वर्षाचा मसाला करायचा हंगाम सुरू होणार होता. त्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईवर बाईंचं वर्ष निघायचं. नवं यंत्र वेळेत आलं नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या डंकावर जाणार, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

मी तेव्हा दादरच्या एका सहकारी बँकेत कर्ज विभागात होते. बाईंचा एकही हप्ता चुकला नव्हता. फ्रिजचं कर्ज, सोनेतारण, सगळं वेळेवर फेडलेलं. क्रेडिट स्कोर उत्तम. क्रेडिट स्कोर म्हणजे आपल्या उधारीचं प्रगतिपुस्तक. घेतलेलं वेळेवर परत केलं का, मुख्यतः एवढंच तो बघतो.

मग अडलं कुठे? बँकेने नवं सॉफ्टवेअर ट्रायलवर घेतलं होतं. त्यात आणखी एक रकाना होता, ‘सोशल स्कोर’. तुम्ही राहता कुठे, तुमची ऊठबस कुणात, तुमचा फोन नंबर आणखी कुणाच्या कागदांवर आहे, असल्या चौकशा. परबबाईंचा नंबर आमच्याच सात कर्जदारांच्या फाइलींत ‘रेफरन्स’ म्हणून होता. रेफरन्स म्हणजे कर्जदार फोन उचलत नसेल तर ज्याला विचारायचं तो माणूस. त्या सातांपैकी तिघे थकबाकीदार होते. झालं! बाईंची संगत वाईट, असं यंत्राने ठरवून टाकलं. माझं डोकंच फिरलं.

मी तडक मॅनेजर चिटणीससाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, या परबबाईंनी काय गुन्हा केलाय?"

"मॅडम, सिस्टीम नाही म्हणतेय. मी ओव्हरराइड केलं आणि कर्ज बुडालं तर हेड ऑफिस माझ्या मानगुटीवर बसेल."

"बुडेल कशाला?"

"मग तसा पुरावा आणा. सोमवारी बघू."

मी परळच्या चाळीत वाढलेली. काय झालं असेल याचा अंदाज होताच, तरी त्याच दुपारी लालबागला, चाळीच्या तळमजल्यावरच्या त्यांच्या डंकावर गेले. निम्मी चाळ दिवसभर कामावर असते. मग फॉर्मवर नंबर कुणाचा द्यायचा? डंकाचा, कारण बाई कायम जागेवर. त्यांना विचारायचं मात्र कुणाच्या मनातही येत नाही.

मी उभी असतानाच फोन वाजला. बाईंनी ऐकलं, दुकानाबाहेर डोकं काढलं आणि वर बघून हाक मारली, "ओ नाईकानू! फायनान्सवाल्याचो फोन इलो! हप्तो भरा आणि माका सोडवा!"

अख्ख्या चाळीने ऐकलं. नाईक बनियनवरच धावत खाली आले आणि फोन घेऊन "उद्या भरतो, उद्या नक्की" म्हणाले. मला तिथेच हसू फुटलं.

बँकेत परतून मी त्या सातही जणांच्या नावापुढची वसुलीची नोंद काढली. पाच ठिकाणी एकच मजकूर होता: ‘रेफरन्सला फोन केला. ग्राहक दुसऱ्या दिवशी शाखेत हजर.’ थकबाकीदार म्हणून दाखवलेल्या तिघांपैकी दोघांनी असेच पैसे भरून टाकले होते. सॉफ्टवेअरला आम्हीच जुनी यादी दिली होती. तिसरा गाव सोडून गेला होता, त्याला बिचाऱ्या बाई तरी काय करणार!

सोमवारी ते वसुलीचं रजिस्टर साहेबांपुढे ठेवलं.

"साहेब, ही बाई आपली वसुली फुकट करतेय आणि आपण तिलाच नापास करतोय."

साहेब पानं उलटत राहिले.

"नोट कुणाच्याही हातात चालते, ती ओळख विचारत नाही," मी म्हटलं. "क्रेडिट स्कोर निदान माझाच व्यवहार बघतो. हा सोशल स्कोर म्हणजे तिसरंच, चूक शेजाऱ्याची आणि मार्क माझे कापायचे. सरकारने नागरिकांना असे मार्क द्यायचे ठरवलं तर तुम्हीच पहिले ओरडाल. आपण नाकारलं तर बाई दुसऱ्या बँकेत तरी जातील. सरकारने नापास केलं तर माणसाने जायचं कुठे?"

साहेबांनी पेन काढलं आणि सही केली. बढतीच्या दिवशीही मला एवढा आनंद झाला नव्हता.

मग त्यांनाच उत्साह आला. "मॅडम, आपण उलट करू या का? अशा उपयोगी माणसांना जादा मार्क देऊ!"

"अजिबात नको. उद्या सगळं लालबाग मार्कांसाठी एकमेकांचे नंबर लिहीत सुटेल. आणि चांगुलपणाला मार्क द्यायला बसलो की ते कापायलाही आपणच बसणार."

साहेब हसले आणि विषय सोडून दिला. तो रकाना आमच्या शाखेत त्याच आठवड्यात बंद झाला. पुढे हेड ऑफिसने ट्रायलही गुंडाळली. परबबाईंचं यंत्र हंगामाआधी आठ दिवस आलं, आणि कर्ज त्यांनी मुदतीच्या आधी फेडलं.

इतकी वर्षं कर्ज देऊन मी एवढंच शिकले. उधारी तपासायला बसलात तर उधारीच तपासा. माणूस तपासायला गेलात, तर चारचौघांच्या उपयोगी पडणारा सगळ्यात आधी नापास होतो.