राळेचा डबा

गेल्या मंगळवारी इकडे ज्यूंच्या देशात, आमच्या अश्दोद गावात, एक गंमत झाली. म्हणजे आता गंमत म्हणतोय... त्या सकाळी कोणी हा शब्द काढला असता तर मी त्याच्याशी बोलणं सोडलं असतं.

आमच्या वस्तीच्या टोकाला, जिथून नुसती वाळूच सुरू होते, तिथे पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात बॅलेची शाळा भरते. हो, बॅलेची. मुंबईच्या मित्रांनी हसून घ्यावं, मी थांबतो...

रुमानियाहून आलेल्या मादाम वेरानं बासष्टच्या हिवाळ्यात ती सुरू केली. तेव्हा तिच्याकडे एक ग्रामोफोन होता, तीन रेकॉर्डी होत्या आणि नाचता येईल अशी जमीन नव्हती. मग ज्या खोक्यांतून आपापलं सामान बोटीनं आलं होतं, त्यांच्याच फळ्या पालकांनी आणून ठोकल्या. काही फळ्यांवरची काळी अक्षरं अजून पुसलेली नाहीत. त्यामुळे माझी भाची दीना, वय वर्षं अकरा, उभी राहते ती बरोबर ‘बॉम्बे’वर आणि गिरकी घेऊन थांबते ती रुमानियाच्या बंदरातून आलेल्या कोणाच्या तरी ‘कॉन्स्टान्झा’वर. इतक्या सहज मी ठाण्याहून भायखळ्यालाही गेलेलो नाही.

शाळेचं ध्येय विचारलं तर मादाम दोनच शब्द सांगते, “पाठ सरळ.” तुम्ही कुठले, तुमचे आजे-पणजे कोण, हे ती विचारत नाही. बाकी सगळा देश सध्या आम्हा मराठी ज्यूंना, तुम्ही खरे ज्यू कशावरून म्हणून, तेच विचारतोय, म्हणून मला हे ध्येय फार पसंत आहे.

ग्रामोफोनला चावी देणं माझ्याकडे असतं. देवः देवौ देवाः घोकून मोठ्या झालेल्या माणसाला या देशात मिळालेलं हे सर्वोच्च पद...

तर मंगळवारी दहा वाजता वस्तीचा कारभार बघणाऱ्या सरकारी कार्यालयातले साहेब येणार होते. त्यांना शेड सिमेंटची पोती ठेवायला हवी होती. शाळा बघून पटली तर राहील, नाही तर शुक्रवारी कुलूप. आदल्या दिवसापासून दीना जेवली नव्हती.

सकाळी आम्ही दार उघडलं आणि बघतच राहिलो. सगळी जमीन चमकत होती, उन्हातल्या तळ्यासारखी. मधोमध शेजारच्या रिबेकामावशी वाटी घेऊन उकिडव्या बसलेल्या. रेवदंड्याच्या बाई, सत्तरीच्या.

“पाहुणे यायचे ना? लाकूड कसं तहानलेलं दिसत होतं,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे सणाला पाळण्याला खोबरेल लावीत. पहाटेपासून बसल्येय.”

दीना हिब्रूत किंचाळली, “सावता, मा असित!” आजी, काय करून बसलीस हे! मादामनं एक पाऊल टाकलं, ती घसरली आणि माझ्या दंडाला धरून उभी राहिली.

काय झालं ते मावशींच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. मग मात्र सगळे धावले. वाळूला इथे तोटा नाही. बादल्या भरभरून ओतली, घासली, झाडली, पुन्हा ओतली. तेल गेलं, पण बुळबुळ राहिली. मादामनं पेटीतून राळ काढली. पाय घसरू नये म्हणून बॅलेवाले बुटांच्या तळव्याला ती चोळतात. पेटीत सुपारीएवढे दोन खडे उरले होते.

मावशींनी एक खडा उचलला, हुंगला आणि तडक घराकडे चालू लागल्या. परत आल्या तेव्हा पदराखाली बिस्किटाचा जुना डबा होता. आत राळ, काठोकाठ. मलिद्याच्या, म्हणजे आमच्यातल्या नवसाच्या गोड पोह्यांच्या वेळी उदाबरोबर निखाऱ्यावर टाकायला गावाहून आणलेली. मुलगा मुंबईहून आला की आमचा नवसाला पावणारा प्रेषित एलियाहू हन्नाबी, त्याच्या नावानं मलिदा करीन, असा त्यांचा नवस आहे. डबा त्या दिवसासाठी राखलेला...

“अहो मावशी, नवसाचं काय?” मी विचारलं.

“तू कुटायला लाग बघू.”

कुटता कुटता, संस्कृतात हिला सर्जरस म्हणतात, असं मी सांगितलं. कोणी ऐकलं नाही, सगळे भुकटी फळ्यांवर आणि बुटांच्या तळव्यांना चोळत होते.

दहा वाजता साहेब आले, मी चावी दिली. मुली हलू लागल्या तशी पायांखालची राळ तापली आणि शेडभर तो वास उठला... पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या कांड्या पडल्या होत्या, त्यांत बारीक धूळ फिरत होती. त्या धुळीतून दीना ‘बॉम्बे’वरून निघाली आणि मला क्षणभर वाटलं, ती जमिनीवर नाहीच. मी दुसऱ्यांदा चावी द्यायला विसरलो. शेवटच्या गिरकीला रेकॉर्ड रडत रडत थांबली, पण मुली तशाच नाचत राहिल्या. एकीचाही पाय घसरला नाही.

साहेबांनी दीर्घ श्वास घेतला. “हा वास कसला?”

“देवाचा,” मावशी मराठीतच म्हणाल्या. भाषांतर करायची कोणाला गरज वाटली नाही. साहेब जाताना सांगून गेले, पोत्यांचं बघू दुसरीकडे.

संध्याकाळी रिकामा डबा मावशींकडे पोचवला. मला फार अपराधी वाटत होतं. त्या म्हणाल्या, “हन्नाबीपर्यंत वास पोचलाय रे. आता मुलाचं त्यानं बघावं.”

दीनाचे बूट आता आमच्या दाराशी असतात. येता-जाता कोणी बघत नसलं की मी वाकतो, हुंगतो... आणि मग आपोआप पाठ सरळ करतो.