जुळा भाऊ आणि कडू सरबत

निव्हेस माव्हर ही निवृत्त औषधविक्रेती. गेली एकतीस वर्षं ती ऑगस्टमध्ये इटलीतल्या ग्रादोच्या किनाऱ्यावर, त्याच बेचाळीस नंबरच्या छत्रीखाली, पिवळ्या कव्हरांच्या रहस्यकथा वाचते. वाचून झालेलं पुस्तक कॉफीच्या टपरीतल्या फळीवर ठेवायचं, मग ते छत्र्यांच्या अख्ख्या रांगेचं. आत पेन्सिलीने तिचे शेरे. ‘जुळा भाऊ शेवटच्या पानावर उगवतो. लाज वाटू दे.’ ‘खुनी कळलाय, उद्या सांगते, असं फोनवर म्हणणारी बाई कधी उद्या बघते का?’ ‘विषाला चव नाही? लेखकाने चाखून दाखवावं.’

लोक आधी शेरे वाचत, मग गोष्ट.

यंदा तिने स्वतःच कादंबरी लिहिली. फेर्रागोस्तोच्या सणाला, संध्याकाळी टरबूज कापल्यावर, शेवट रांगेला वाचून दाखवीन असं जाहीरही केलं. त्या सकाळी तिने वही शेजारच्या छत्रीतल्या फुल्व्हियाला दिली. फुल्व्हिया नुकतीच साहित्याची पदवीधर झालेली.

दुपारी वही संपली. फुल्व्हियाचा आ मिटेना.

“मावशी, जुळा भाऊ?”

“हळू बोल.”

“थेट आर्जेंटिनाहून! शेवटच्या पानावर!”

“मग काय करू? अकरा माणसं आहेत गं. लिहिता लिहिता सगळ्यांवर जीव जडला. कुणाला तुरुंगात धाडू?” निव्हेसने टॉवेल डोक्यावर ओढला. “आणि तो एर्मानो एकतीस वर्षं माझी चूक पकडायला टपून बसलाय.”

“नवीकोरी पेन्सिल आणलीय हो!” त्रेचाळीस नंबरच्या छत्रीतून एर्मानो ओरडला.

फुल्व्हियाने पानं मागे उलटली. “प्रत्येक प्रकरणात सगळ्यांना सरबत कोण देतं?”

“औषधवाली. म्हणजे... मीच.”

“आणि चौथ्या पानावर म्हातारा म्हणतो, सरबत कडू लागतंय.”

“ते उगाच लिहिलं. तिची साखर संपली होती.”

“म्हातारा मेलाय विषाने, मावशी.”

टॉवेल खाली आला.

“औषधवालीवर जीव जडलाय?” फुल्व्हियाने विचारलं.

“तिच्यावर? छे! भांडखोर बाई आहे. दे ती वही.”

संध्याकाळी तिने शेवट वाचला. एर्मानोने वही ओढून घेतली, चौथं पान काढलं, पुन्हा शेवट वाचला. मग पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करून त्याने लिहिलं, ‘सगळं डोळ्यांसमोर होतं. लाज मला वाटते.’

निव्हेस आनंदाने टरबुजाची साल हातात घेऊन नाचली. मग तिने सगळ्यांसाठी सरबत केलं.

कुणीही पेल्याला हात लावला नाही.