पंप धुतला होता का?

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट ठाऊक नाही — पण हल्ली मला आमच्या गच्चीवर जायची भीती वाटते, आणि गच्चीवर आहेत फक्त टोमॅटोच्या सहा बादल्या.

मी बी-बियाणं आणि औषधांच्या दुकानात काम करतो. आधी बिलोलीला होतो. मुलगी अकरावीत गेली तसे तिच्या क्लासेससाठी लातूरला आलो. दुकान बदललं, काम तेच. लोक पानं पिशवीत घालून आणतात, नाहीतर मोबाइलवर फोटो दाखवतात. मी बघून सांगतो — हा करपा, हा मावा, हे नुसतं पाणी जास्त झालंय. गल्लीत मला डॉक्टर म्हणतात. थट्टेनंच म्हणतात, पण मला आवडतं. फार आवडतं. खोट तिथंच आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

बिलोलीच्या घरामागं थोडी मोकळी जागा होती. लग्नाला वर्ष झालं असेल, तेव्हा माझ्या बायकोनं, सुनंदानं, तिथं टोमॅटो लावले. बी तिनं देगलूरहून, माहेराहून आणलं होतं. सासरच्या त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. मला हे तेव्हा कळत होतं का? कळत होतं.

आईची एक अट होती. महिन्याच्या त्या चार दिवसांत सुनंदानं झाडांना शिवायचं नाही. लोणच्याच्या बरणीला नाही, तुळशीला नाही, तसंच टोमॅटोलाही नाही. एकदा नेमकी त्याच दिवसांत आई मावशीकडे गेली होती. ऊन कडक, झाडं माना टाकून उभी. सुनंदानं मला विचारलं. मी म्हणालो, घाल पाणी, झाडाला काय कळतंय त्यातलं. मोठा शहाणा! तिनं पाणी घातलं. शेंड्यांवर मावा दिसतोय म्हणाली, तर संध्याकाळी मी निंबोळी अर्क फवारला.

आता पंपाचं — इथं आलो की मी नेहमीच अडखळतो. तो फवारणीचा पंप आदल्या दिवशी मी शेतात नेला होता. ज्वारीतल्या तणावर तणनाशक मारलं, आणि पंप नुसत्या पाण्यानं एकदा विसळून ठेवला. ते औषध असं जात नाही. धुण्याच्या सोड्यानं दोन-तीनदा धुवावं लागतं. हे मी दुकानात रोज लोकांना सांगत होतो. त्याच आठवड्यात याच चुकीवरून एका म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं. त्याची मिरची गेली होती. घरी येऊन तो किस्सा मी रंगवून सांगितलाही होता.

तीन दिवसांत टोमॅटोचे शेंडे पिळवटले. पानं दोऱ्यासारखी बारीक झाली, खोडं वाकली. सगळी झाडं एकदम. धुण्याच्या दगडामागचं एकच झाड ठणठणीत होतं — तिथवर जाण्याआधीच माझ्या पंपातला अर्क संपला होता. ते झाड बघितलं आणि मला सगळं कळून चुकलं.

आई परत आली. सुनंदाला खोटं बोलता येत नाही. पाणी घातल्याचं तिनं स्वतःहून सांगितलं. मीच घाल म्हणालो होतो, हे मात्र सांगितलं नाही. मला सांभाळून घेतलं तिनं. मग एक पान तोडून माझ्यापुढं धरलं.

“तुमी लोकायच्या पिकाचं सांगता. हे काय झालंय, सांगा की.”

मी पान उलटंसुलटं केलं. पांढरी माशी नव्हती, डाग नव्हते.

“हा रोग न्हाई,” मी म्हणालो.

शब्दन् शब्द खरा होता. आणि पुढं मी गप्प बसलो.

“मंग दुसरं काय ऱ्हायलं?” आई म्हणाली. “दगडामागचं झाड धुण्याच्या पाण्यावर हाय. हिचा हात लागला न्हाई, तेवढंच बघा जित्तं.”

शेंडे खुडून, पाणी देऊन पंधरा-वीस दिवस वाट बघितली असती तर त्यातली काही झाडं नक्की सावरली असती. नवी फूट सरळ आली असती. पण सरळ फूट आली असती तर कोणीतरी विचारलं असतं, हे कसं काय? — म्हणून आई उपट म्हणाली तेव्हा मी लगेच उपटली. सुनंदा दारात उभी होती. रडली नाही. आपल्या हाताकडे बघत होती.

त्यानंतर तिनं काही लावलं नाही. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दुकानात वाकडं पान आलं की मी पहिला प्रश्न विचारतो — पंप धुतला होता का? हळू आवाजात विचारतो. मालक म्हणतात, तुमचा स्वभाव फार शांत.

यंदा श्रुतीनं, आमच्या मुलीनं, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत टोमॅटो लावले. महिन्याभरात पानं पिवळी पडली. सुनंदा तिला म्हणाली, “तुझे चार दिवस हायत, हात लावू नको. माझ्या हातानं अख्खा वाफा जळाला होता.” श्रुती बारावीला आहे, जीवशास्त्र तोंडपाठ. तिनं माझ्याकडे बघितलं. “पप्पा, असं असतंय का?”

काय सांगणार होतो? नाही म्हणावं, तर मग तो वाफा कशानं जळाला? इतकी वर्षं ही बाई स्वतःच्या हाताला भीत आली, ते कशापायी? मी म्हणालो, “बघतो मी.” बादल्यांची भोकं बुजून पाणी तुंबलं होतं. ती मोकळी केली, वरची माती भुसभुशीत केली, चार दिवस पाणी तोडलं. झाडं सावरली. नेमक्या त्याच चार दिवसांत, श्रुतीचा हात लागला नव्हता तेव्हा.

“बघ,” सुनंदा पोरीला म्हणाली. मी तिथंच होतो.

परवा पहिले टोमॅटो पिकले. श्रुती जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबली. म्हणाली, पप्पा, तुम्हीच तोडा, मला आज चालत नाही.

मी तोडले.