मंद्रूपच्या चिंचेचं गाणं

आमच्या घरात जुन्या गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. कुणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. त्यातली सगळ्यात झिजलेली गोष्ट म्हणजे अण्णांचं, माझ्या वडिलांचं, मंद्रूपच्या स्टँडसमोरचं सायकलचं दुकान. दुकान कसलं, कडुलिंबाखाली एक पेटी, हवेचा पंप आणि पाण्याचं घमेलं. पंक्चर शोधायला अण्णा ट्यूब घमेल्यात दाबायचे, तर बुडबुड्याच्या आधी वरून लिंबोळीच टपकायची. ती ते नेम धरून माझ्याकडे फेकायचे. पुढे रस्ता रुंद झाला, झाड गेलं, काही वर्षांनी अण्णाही गेले. घरात ते दुकान पाहिलेले आता आई आणि मी, दोघंच.

मग ते गाणं आलं. मंद्रूपच्या स्टँडसमोरच्या चिंचेखाली एक बाई उभी आहे, सोलापूरच्या कापडगिरणीत गेलेल्या नवऱ्याची वाट बघत. गिरण्या बंद होऊन जमाना झाला, पण गाण्यात भोंगा होतो. लिहिणारा करकंबकडचा, मंद्रूपला कधी उतरलेलाही नाही म्हणे. चाल मात्र अशी, की रिक्षात, वरातीत, माझ्या मुलीच्या मोबाइलवर, जिथे तिथे चिंच.

आई पहिल्यांदा हसली. "चिंच कुटली रं? तितं कडुलिंब व्हता. त्या करकंबवाल्याला म्हणावं, हितं येऊन बघ की."

मला बरं वाटलं. साक्षीदार शाबूत होता.

उन्हाळ्यात चुलतभावाच्या मुलाच्या हळदीला मंद्रूपला गेलो. डीजेवर तेच. भर दुपारी आईची जुनी शेजारीण आम्हाला स्टँडसमोर घेऊन गेली. झाडाच्या जागी आता विजेचा खांब आहे. खांबाला हिरव्या बांगड्या बांधलेल्या, हात पोचेल तिथपर्यंत. ज्यांचे नवरे बाहेरगावी कामाला आहेत त्या बायका बांधतात म्हणे, चिंच होती म्हणून.

"मावशी, इथं चिंच कधी होती?"

"आत्ता गं बया! तुजं लेकरू लईच इसरभोळं हाय की," ती आईला म्हणाली. "अरं, तुजा बा चिंचंखालीच बसायचा न्हवं?"

मी आईकडे पाहिलं. आता ही तिला झापणार! पण आई मान मागे टाकून खांबाच्या वर, रिकाम्या आभाळात बघत होती, झाडाचा शेंडा बघावा तशी. बघता बघता तिनं आपलं मोकळं मनगट चाचपलं. वाऱ्याची झुळूकही नव्हती. बांगड्या तरी किणकिणत होत्या.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "त्येंच्या टोपीवर बारीक पाला पडायचा. रोज झटकायची मी."

"आई, कडुलिंब होता. तूच म्हणालीस."

"मी? कवा?"

आहेराच्या साडीचा रंग, कुणाच्या ताटात वाढायला विसरले, सगळं तिला लख्ख आठवत होतं. फक्त झाड बदललं होतं.

"अहो, चिंच तर चिंच," बायको म्हणाली. "झाड महत्त्वाचं, की मामंजी?"

"आज झाड बदललं. उद्या अण्णांनाही गिरणीत धाडतील!"

ती हसली. मीही हसलो. अण्णांनी गिरणी बाहेरूनसुद्धा पाहिलेली नव्हती.

घरी पोचलो आणि चहाच्या आधी मुलीला समोर बसवलं. म्हटलं, अण्णांच्या दुकानाची गोष्ट एकदा नीट ऐकून ठेव. तिनं मोबाइल उलटा ठेवला, एवढा मान मला कधी मिळत नाही. मी पेटी सांगितली, पंप सांगितला, घमेलं सांगितलं. अण्णा वाकून बुडबुडे शोधतायत आणि वरून टपकन...

"ती मी उचलायचो आणि चोखायचो. अशी आंबट, की डोळे मिटायचे!"

"पप्पा, लिंबोळी आंबट असते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तोंडाला पाणी सुटलं होतं.

तेवढ्यात आतून आईनं हाक मारली. "भोंगा झाला का रं? च्या टाकायला सांग की. त्येंची यायची येळ झाली."